पाचवं चाक ठेवायचं कुठे?

टायरच्या दुकानात सौदा नेहमी चाराचा होतो. जुने चार उतरतात, नवे दांडगे चार चढतात, गाडी बोटभर उंच दिसायला लागते आणि मालक चारी बाजूंनी फोटो काढत सुटतो. बिल होता होता दुकानातला पोऱ्या मागे वाकून बघतो आणि विचारतो, "साहेब, स्टेपनीचं काय करायचं?" तेव्हा कुठे लक्षात येतं की गाडीला चाकं पाच असतात.

पिकअप म्हटलं की आपल्याकडे टोमॅटोचे क्रेट लादून मार्केट यार्डाकडे पळणारी गाडी आठवते. तिचा मालक टायरचं माप कशाला वाढवेल? इथे विषय आहे तो दुहेरी केबिनच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या पिकअपचा. 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली आणि मोठे टायर चढवण्याची हौस इकडेही रुजली. या वर्गातल्या गाड्यांवर 265/65 आर17 हे माप नेहमीचं. 265 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के. 17 म्हणजे आतल्या डिस्कचा व्यास, इंचांत. गुणाकार-बेरीज केली की पूर्ण चाकाचा व्यास येतो 776 मिलिमीटर. हौशी मंडळी बहुतेक 285/70 आर17 वर जातात. त्याचा व्यास 831. त्याहून हौशी असतात ते 35 इंची घेतात, म्हणजे 889.

776 चं 831 झालं, साडेपाच सेंटिमीटरचा तर फरक; मग जुनीच स्टेपनी राहू दे की! हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो, म्हणून आधी तोच निकालात काढू. लहान चाकाचा घेर साधारण 2.44 मीटर, मोठ्याचा 2.61. एक किलोमीटर जायला लहान चाक 410 वेळा फिरतं, मोठं 383 वेळा. एका बाजूला लहान नि दुसऱ्या बाजूला मोठं लावलंत तर दर किलोमीटरला 27 फेऱ्यांचा फरक पडतो आणि तो सगळा मधल्या डिफरन्शियलला गिळावा लागतो. डिफरन्शियल असतंच त्यासाठी, पण वळणापुरतं. सरळ रस्त्यावर तासन्‌तास त्याला वळणातच ठेवलं तर आतलं तेल तापतं, चकत्या झिजतात. त्यात फोर-व्हील लावलात तर या पिकअपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडलेले असतात. घेरातला फरक जिरायला जागाच उरत नाही. चिखलात चाक घसरून तो जिरतो, डांबरावर मात्र गिअरच्या दात्यांवर येतो. लहान स्टेपनीवर पंक्चरच्या दुकानापर्यंत जाता येतं, तेही टू-व्हीलमध्ये आणि ते चाक पुढे लावून, म्हणजे जोर घेणाऱ्या मागच्या जोडीत दोन्ही सारखी राहतात. पंक्चर मागचं असेल तर त्यासाठी दोन चाकांची अदलाबदल करावी लागते. पण मोठे टायर घेतले जातात ते जिथे पंक्चरचं दुकान नाही तिथे जायलाच. तेव्हा पाचवंही मोठंच हवं.

जाता जाता या शब्दाबद्दल. स्टेपनी हा आपण इंग्रजी म्हणून वापरतो, पण इंग्रज माणसाला तो आता कळेलच असं नाही. वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये जादा चाक विकायला काढलं. त्या काळच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झालं की रस्त्यातच बसून टायर सोलायचा. डेव्हिसांच्या चाकाला आरे नव्हते. हवा भरलेलं नुसतं कडं पंक्चर चाकाच्या बाजूला क्लॅम्पने आवळायचं आणि निघायचं. धंदा तुफान चालला. पुढे मोटारींबरोबरच जादा चाक मिळायला लागलं, तरी रस्त्याचं नाव आपल्या गॅरेजांमध्ये टिकून राहिलं. ब्राझीलमध्येही जादा चाकाला एस्तेपी म्हणतात, ते याच रस्त्यावरून.

कंपनीने पिकअपची स्टेपनी ठेवलेली असते हौद्याच्या खाली, मागच्या अ‍ॅक्सल आणि बंपरच्या मध्ये, चेसीच्या दोन रुळांच्या बेचक्यात. तिथे एक छोटी विंच असते. तिची साखळी किंवा वायर चाकाच्या मधल्या भोकातून खाली येते आणि टोकाला आडवी थाळी असते. बंपरच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवला की थाळी चाकासकट वर जाते आणि चाक चेसीला घट्ट आवळलं जातं. जागा फुकटची, वजन खाली, हौदा मोकळा, नजरेआड. याहून चांगली जागा गाडीवर नाही, एवढं मान्य करूनच पुढे जायला हवं. तेव्हा पहिला प्रयत्न इथेच.

बसेल का, हे टेपने मोजून नीट कळत नाही, कारण ती पोकळी धड चौकोनी नसते. एका बाजूला सायलेन्सरचा पाइप वळसा घेतो, पुढे अ‍ॅक्सलचं हाउसिंग, मागे टोइंगचा आडवा पट्टा. त्याऐवजी फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि खिळा-सुतळीने 83 सेंटिमीटर व्यासाची चकती कापा. मधोमध भोक पाडा, स्टेपनी उतरवून विंचच्या थाळीवर ही चकती बसवा आणि दांडा फिरवून वर घ्या. कुठे दुमडते ते खाली झोपून टॉर्चने बघा. बंपरला बोटभर घासत असेल तर आशा आहे. सायलेन्सरला टेकत असेल तर पाइप वळवून घेण्याचा खर्च आला. हाउसिंगपाशी मात्र दोन-तीन बोटं अंतर राहायलाच हवं. गाडी खड्ड्यात आपटली की पाटे दबतात आणि हाउसिंग वर येतं. उभ्या गाडीखाली दिसतं तेवढं अंतर तेव्हा राहत नाही.

चाक थोडक्यात अडत असेल तर हवा काढून बसवतात. माणसं समजतात की हवा काढली की टायर लहान होतो. तसं होत नाही. रेडियल टायरच्या तळव्यात पोलादी तारांचा पट्टा असतो, तो आखडत नाही. घेर तेवढाच राहतो. फक्त टायर मऊ पडतो, म्हणून जिथे अडतो तिथे चेपून आत सरकतो. बोटभर अडचणीला ही युक्ती चालते. मग गाडीत हवेचा पंप हवाच, आणि एवढ्या टायरला सिगारेट-लायटरवरच्या छोट्या पंपाने दहा मिनिटं सहज लागतात. वर पंपाची नळी बिघडली की स्टेपनी असून नसल्यासारखी. मला हा सौदा फारसा पटत नाही, पण हौदा रोज लागतो त्याने करायला हरकत नाही.

मोठी स्टेपनी खाली लोंबते आणि घाटात, ओढ्यात आपटते, अशी एक तक्रार असते. हिशोब करून बघू. नव्या टायरमुळे गाडी व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे 27 मिलिमीटर उचलली जाते. नवी स्टेपनी जुनीपेक्षा 20 मिलिमीटर जाड, म्हणजे तेवढीच खाली येते. हिशोब जवळजवळ फिटला. आपटते ती तिरकी बसलेली स्टेपनी. एक कड अडून राहते, दुसरी खाली लोंबते आणि मालक "बसली" म्हणून निघतो.

या जागेचा खरा दोष मात्र वेगळा आहे. कासच्या पठारावरून बामणोलीकडे उतरताना एका मित्राच्या पिकअपचं मागचं चाक बसलं. ऐन पावसाळा, संध्याकाळ, वर धुकं. स्टेपनी अगदी नवी, मापाची, हवा पुरेपूर. दांडा घातला, फिरवला. विंच कुरकुरली आणि थांबली. दोन वर्षांचा चिखल तिच्या दात्यांत बसून सिमेंट झाला होता आणि थाळी डिस्कला गंजाने चिकटली होती. मित्र पावसात गाडीखाली पाठीवर झोपलेला, मी छत्री त्याच्यावर धरावी की टॉर्च, या विचारात. तासाभराने भाताचं बियाणं घेऊन जाणारी एक साधी पिकअप थांबली. ड्रायव्हरने जास्त विचारपूस न करता आपल्या गाडीतली टॉमी काढली, थाळीच्या कडेला लावून चार दणके घातले, आणि धबकन चाक खाली आलं. हात पुसत तो एवढंच म्हणाला, "दादा, महिन्याला एकदा खाली घेत जा हिला. नाहीतर ती गाडीची राहत नाही, चेसीची होती."

काही बनावटींमध्ये वायर तुटली तर चाक रस्त्यावर पडू नये म्हणून विंचमध्ये आणखी एक खटका असतो. तोही असाच गंजून अडकतो आणि मग दांडा फिरतो, वायर सैल होते, चाक मात्र हलत नाही. कोकणात खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीची विंच तर दर पावसाळ्याआधी धुऊन, ग्रीस लावून ठेवायलाच हवी. दांडा फिरवताना कधीही पूर्ण अंग गाडीखाली घालू नका. 40 किलो डोक्यावर यायला विंचचा एक दात पुरतो.

पुठ्ठ्याची चकती बसलीच नाही, किंवा टायर 35 इंची असेल, तर चाक वर आणावं लागतं. वर म्हणजे हौद्यात. पहिल्यांदा सगळेच ते आडवं टाकतात, कारण सोपं आहे. हौदा साधारण दीड मीटर लांब. 83 सेंटिमीटरचं चाक आडवं टाकलं की निम्म्याहून जास्त लांबी गेली. त्यावर सामान रचता येतं, म्हणून जागा गेल्यासारखी वाटत नाही. ती जाते पंक्चरच्या वेळी. तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी, कपड्यांच्या पिशव्या, सगळं रस्त्याच्या कडेला चिखलात मांडायचं, मग चाक काढायचं आणि त्याच्या जागी चिखलाने माखलेलं पंक्चर चाक ठेवून त्यावर कपड्यांच्या पिशव्या रचायच्या.

तेच चाक केबिनच्या मागे उभं केलं तर फक्त 30 सेंटिमीटर लांबी खातं, हौद्याचा पाचवा हिस्सा. हौद्याच्या कडेवरून ते वीतभर-दीड वीत वर डोकावतं. आतल्या आरशातून मागचा निम्मा रस्ता दिसेनासा होतो, हे खरं. पण हौदा भरून माल असताना नाहीतरी बाहेरच्या आरशांवरच गाडी चालते. मधोमध न ठेवता डाव्या बाजूला सरकवलं तर आरसाही बराच मोकळा राहतो आणि उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरच्या वजनाला थोडा तोलही मिळतो.

उभं चाक बांधणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं तेच दोरीने उरकलं जातं. टायर आणि अलॉय मिळून 35 ते 40 किलो भरतात. जोरात ब्रेक मारला की वजनाच्या आठ दशांश इतका रेटा पुढे बसतो, असं माल बांधणारे धरून चालतात. म्हणजे इथे 32 किलो. तेवढं दोरी सहन करते. टक्कर झाली तर हा आकडा कित्येक पटींनी वाढतो आणि चाकाच्या समोर असते केबिनची मागची काच. म्हणून मला दोऱ्या-पट्ट्यांपेक्षा खुंटा पसंत आहे. जाड पत्र्याची उभी चौकट करायची आणि तिला चाकाच्या नटांच्या मापाने तीन स्टड वेल्ड करायचे. या गाड्यांना सहा नट असतात, 139.7 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर. एक सोडून एक असे तीन घेतले की झालं. जुना, टाकून दिलेला हब मिळाला तर तोच कापून चौकटीला लावावा, माप चुकायचा प्रश्नच नाही. चौकट हौद्याच्या पातळ पत्र्याला स्क्रूने ठोकू नये. हौदा जिथे चेसीला बोल्टने धरलेला असतो, त्या बोल्टांना खालून जाड पट्टी देऊन ती आवळावी. चाक बसवलं की गाडीचेच नट, गाडीच्याच पान्याने. तीनपैकी एक चावीचा नट लावला तर चोरीची भीतीही कमी. याखेरीज एक रॅचेट पट्टा टायरवरून खाली ओढून घ्यावा, म्हणजे खडखड थांबते.

हौद्याच्या वर जो पाइपचा बार असतो, त्यावर चाक आडवं टाकलेलं फोटोत फार देखणं दिसतं. आपल्याकडे मिळणारे बरेच बार शोभेचे असतात: पातळ पाइप, हौद्याच्या कडेच्या पत्र्याला चार बोल्ट. हाताने हलवून बघा. हलला तर त्यावर टोपीसुद्धा ठेवू नका. चेसीपर्यंत आधार नेलेला भक्कम सांगाडा असेल तर गोष्ट वेगळी. चाक वर नेलं की गाडी उलटेल, अशी भीतीही घालतात. तीही मोजून पाहू. दोन टनांहून थोड्या जास्त वजनाच्या गाडीवर 40 किलो एक मीटर वर नेले तर सबंध गाडीचा गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटरसुद्धा वर जात नाही. एवढ्याने गाडी उलटत नाही. मात्र ज्याला ते 40 किलो छातीच्या वर उचलून पुन्हा खाली घ्यायचे आहेत, त्याच्या कमरेचा हिशोब या आकड्यात येत नाही. केबिनच्या टपावर तर नकोच. जुन्या लँड रोव्हरच्या बॉनेटवर स्टेपनी असायची, ती शोभायची आणि जमायची. आजच्या बॉनेटचा पत्रा त्या जातीचा नाही.

राहिला मागच्या बंपरवरचा झुलता हात. बंपरच्या एका कोपऱ्यात जाड खुंट, त्यावर फिरणारा पोलादी हात, हातावर चाक. हात बाजूला झुलवला की फाळका उघडतो. चाक कमरेच्या उंचीवर, उतरवायला याहून सोपं काही नाही, आणि हौदा पूर्ण मोकळा. ज्याच्या हौद्यावर कायमचं झाकण किंवा तंबू आहे, त्याला दुसरा मार्गच नसतो.

पण त्याची किंमत कळायला तराजू घ्यावा लागतो. चाक 40 किलो. हात, खुंट आणि जाड बंपर मिळून आणखी 40 धरू. हे 80 किलो मागच्या अ‍ॅक्सलपासून 1.4 मीटर मागे लटकतात. हायलक्सच्या पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर 3.085 मीटर. तरफेचा नियम लावला तर पुढच्या चाकांवरचं ओझं 36 किलोंनी हलकं होतं आणि मागच्यांवर 116 किलो वाढतात. ठेवले 80, मागे भरले 116! स्टिअरिंग किंचित हलकं लागतं, हेडलाइट झाडांकडे बघायला लागतो, पाटे बसतात. त्यानंतर हौद्यात माल भरताना हे 116 किलो कोणी मोजत नाही.

हात घ्यायचाच असेल तर फिरणारा सांधा बघा. साधी पितळी बुशी काही महिन्यांत ढिली होते आणि कच्च्या रस्त्यावर टाळ वाजवल्यासारखा आवाज येतो. चाकाच्या हबमध्ये असतात तसे निमुळते बेअरिंग दोन्ही टोकांना हवेत, आणि ग्रीस भरायला निपल. हात उघडल्यावर अडकवायला खटका हवा. उतारावर गाडी उभी असेल तर चाकासकट 50 किलोंचा हात आपोआप परत येतो आणि फाळक्यात वाकलेल्या माणसाला मागून दणका देतो. बंपर चेसीला धरलेला हवा, हौद्याला नव्हे. खडबडीत रस्त्यावर चेसी आणि हौदा स्वतंत्र पिळवटतात. हाताचं एक टोक इथे नि दुसरं तिथे अडकवलं तर वेल्डिंगला भेग पडते. मागचा दिवा, नंबरप्लेट आणि रिव्हर्सचा कॅमेरा चाकाआड जातो, तो बाहेर काढून घ्यावा लागतो. आणि रोजची गोष्ट म्हणजे किराण्याची एक पिशवी ठेवायची तरी आधी खटका, मग हात, मग फाळका. आठ दिवसांत पिशवी मागच्या सीटवर जायला लागते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. टायरचं माप आणि जड बंपर या दोन्हींबाबत आरटीओला आणि विमेवाल्याला आधी विचारलेलं बरं. अपघातानंतर विमेवाला स्वतःहून विचारतोच.

माझं मत असं: 33 इंचांपर्यंतच्या टायरला पुठ्ठ्याची चकती घेऊन आधी हौद्याखालची जागा पाहावी. नाहीच बसलं तर केबिनमागे उभं, तीन नटांवर. झुलता हात सगळ्यात शेवटी, आणि तोही हौदा खरोखर भरलेला असेल तरच. कुठेही ठेवा, पण टायरवरचा चार आकडी कोड वाचून ठेवा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनी न वापरताही म्हातारी होते, हौद्यात उन्हात असेल तर लवकरच. म्हणून चाकांची अदलाबदल करताना पाचही फिरवावीत.

आणि येत्या रविवारी एक करा. अंगणात, सपाटीवर, गाडीतल्याच जॅकने, पान्याने आणि दांड्याने, कुणालाही हाक न मारता स्टेपनी उतरवा, मागच्या चाकाच्या जागी लावा, आणि उतरवलेलं चाक स्टेपनीच्या जागी चढवा. घड्याळ लावा. अर्ध्या तासाच्या वर गेलं, किंवा मध्येच शेजाऱ्याला बोलवावं लागलं, तर जागा बदला.